निर्दोष दिसणारे आतडे

इ. स. १८८६ मध्ये बर्लिन येथील बालरोगवैद्यांच्या सभेत कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दोन मृत अर्भकांची कैफियत मांडली. त्यांचे मोठे आतडे अवाढव्य फुगले होते, आणि त्याखालचा गुदाशय मात्र दिसावयास निरोगी होता. सबब दोष फुगलेल्या भागाचाच, हा समज पुढे सुमारे साठ वर्षे अंमल गाजवीत राहिला. बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांच्या ध्यानात आले की, पोटावर मलमार्ग काढून दिला की मूल सुधारते आणि तो बुजविला की दुखणे पुन्हा उलटते. अर्थात अडथळा खालच्या, निर्दोष दिसणाऱ्या भागातच होता. वरचे आतडे बिचारे त्या अडथळ्याशी झुंजून फुगलेले!

आतड्याच्या भिंतीत ज्या चेतापेशी मल पुढे सरकविण्याची व्यवस्था पाहतात, त्यांचे पूर्वज गर्भधारणेच्या पाचव्या ते बाराव्या आठवड्यांत अन्नमार्गाच्या वरच्या टोकाकडून खाली कूच करतात. हे कूच मध्येच थांबले, तर पुढचा मुलूख पेशींवाचून राहतो आणि तेथील स्नायू, सैल पडण्याचा हुकूमच न मिळाल्याने, कायमचे आवळलेले राहतात. सुमारे पाच हजार जन्मांत एकास, आणि मुलींपेक्षा मुलग्यांस अधिक जडणाऱ्या या विकाराच्या मुळाशी पुष्कळदा ‘रेट’ नामक जनुकातील बदल असतो. गरोदरपणी सुनेने काय खाल्ले याची जी चौकशी आपल्याकडे प्रथम सुरू होते, ती सर्वस्वी गैरलागू होय.

निरोगी बाळाची काळपट, चिकट पहिली शी बहुधा चोवीस तासांत होते. ती अठ्ठेचाळीस तास उलटूनही झाली नाही, पोट तट्ट फुगले, हिरवी ओकारी झाली, की विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावण्यापेक्षा इस्पितळ गाठावे. देठाने क्षणभर वायू सरला तरी रोग जागचा हलत नाही, आणि आतड्याला सूज येऊन जंतू रक्तात शिरले तर जीवावर बेतते.

निदानासाठी गुदाशयाच्या अस्तराचा इवलासा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि तेथे तज्ज्ञाला शोधावयाची असते ती एका वस्तूची अनुपस्थिती, म्हणून एका कापावर न विसंबता तो अनेक काप तपासतो. शस्त्रक्रियेत पेशीहीन भाग काढून वरचे आतडे खाली ओढून गुदद्वाराशी जोडतात. मात्र टाके घालण्यापूर्वी त्या आतड्याचा तुकडा प्रयोगशाळेकडे रवाना होतो, आणि पेशी असल्याचा निर्वाळा येईपर्यंत शल्यवैद्य जोडकामास हात लावीत नाही.