आधी धडधड की आधी भीती?

गजर व्हायच्या आधीच जाग येते. खोलीत अंधार, घरात सामसूम, आणि छातीत मात्र जोरात धडधड. वाईट स्वप्न पडल्याचे आठवत नाही. मग ‘मला काही होतंय का?’ हा प्रश्न येतो, आणि तो आला की ठोके आणखी वाढतात.

हृदयाला स्वतःची लय असते. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्याला कुणी आवरले नाही, तर तो मिनिटाला शंभरएक ठोके देतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयात हे स्पष्ट दिसते, कारण त्याच्या चेता कापलेल्या असतात. आपली नाडी बसल्या जागी सत्तरच्या आसपास राहते ती व्हेगस चेतेमुळे. तीच हृदयाचा ब्रेक. झोपेत हा ब्रेक घट्ट दाबलेला असतो आणि जाग येताना तो एकदम सैल होतो. शिवाय पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते आणि त्या झोपेत ठोके मुळातच कमीजास्त होत असतात.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. जाग आल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसोल हे तणावाचे संप्रेरक साधारण निम्म्याने वाढते. जर्मनीतल्या संशोधकांनी 1997 मध्ये ही उसळी नीट मोजली. पुढे 2004 मधल्या एका अभ्यासात दिसले की, ती सुट्टीच्या दिवसापेक्षा कामाच्या दिवशी मोठी असते, आणि कामाच्या ओझ्याखाली असलेल्या, सतत काळजी करणाऱ्या लोकांत हा फरक जास्त असतो. दिवस उगवण्याआधीच शरीर त्या दिवसाची तयारी करू लागते. एकटे कॉर्टिसोल काही छाती धडधडवत नाही, पण ज्या शरीरात ठोके वाढतात ते शरीर आधीच सावध झालेले असते. डाव्या कुशीवर, शांत खोलीत पडून राहिलो असलो तर एरवी न जाणवणारे ठोकेही ऐकू येतात.

इथून पुढचे चक्र ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडले: शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाटते, भीतीने बदल वाढतो आणि अर्थ खरा वाटू लागतो. दोन वर्षांनी एका प्रयोगात पॅनिकच्या, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येणाऱ्या, रुग्णांना त्यांचे ठोके अचानक वाढल्याचा खोटाच आवाज ऐकवला. ते घाबरले, आणि त्यांचे खरे ठोकेही वाढले.

पण या प्रयोगात मधे माणसाचा विचार होता. विचार वगळला तर? हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 मध्येच उभा केला होता. आपण थरथरतो म्हणून घाबरतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याची थेट तपासणी व्हायला 2023 उजाडले. स्टॅनफर्डमधल्या कार्ल डायसेरॉथ यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयपेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा केल्या, उंदरांना सूक्ष्म दिव्याचे जाकीट घातले आणि ठोके मिनिटाला 900 पर्यंत नेले. उंदराचे हृदय एरवी सहाशे-साडेसहाशेच्या घरात पडते. जिथे धोका असू शकतो अशा उघड्या जागेत हे उंदीर जायला कचरू लागले. मेंदूतल्या इन्सुला या भागाचे काम थांबवल्यावर मात्र, हृदय तितकेच धावत असूनही, भीती ओसरली. मला या प्रयोगाचे मोल फार वाटते. भीतीची वाट मनातून छातीकडे जाते तशी छातीतून मनाकडेही येते, हे त्याने दाखवून दिले.

म्हणूनच पहाटेच्या धडधडीला ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर वाटेला लावणे मला धोक्याचे वाटते. पिट्सबर्गमध्ये 1996 मध्ये धडधडीच्या 190 रुग्णांचा अभ्यास झाला. 43 टक्क्यांमध्ये कारण हृदयात सापडले, 31 टक्क्यांमध्ये चिंता-पॅनिकसारख्या मानसिक त्रासात. इतर कारणेही आहेत: थायरॉईड, रात्री घेतलेली दारू उतरणे, घोरताना श्वास अडणे. आणि रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना तो आहे. हिमोग्लोबिनची साधी तपासणी न करता यांतल्या कुणाला चिंतेचे औषध द्यायचे?

धडधड सुरू असताना मनगटावर बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजावेत. ते एकसारखे आहेत का, बटण दाबल्यासारखे अचानक सुरू होऊन अचानक थांबतात का, हे डॉक्टरांना सांगावे. ईसीजी आणि गरज पडल्यास 24 तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) यांतून बरेच कळते. सोबत चक्कर, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल, अथवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर थांबू नये.

अचानक सुरू होऊन थांबणाऱ्या एका धडधडीत हृदयातल्या विजेला जादा वाट मिळालेली असते. अमेरिकेत 1997 मध्ये अशा 107 रुग्णांची माहिती तपासली गेली. दोन तृतीयांश जणांची लक्षणे पॅनिकच्या व्याख्येत बसत होती. पहिल्या तपासणीत निम्म्याहून जास्त जणांचा खरा आजार ओळखलाच गेला नव्हता, आणि ‘हे मनाचे आहे’ असे पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त वेळा सांगितले गेले होते. हृदयावर नेमके उपचार झाल्यावर बहुतेकांची पॅनिकची लक्षणेही गेली.