‘सॅम्पलिंग’ म्हणजे काय?

लता मंगेशकरांनी ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटासाठी गायिलेले एक गाणे २००२ साली ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकन गाण्यात ऐकू आले. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा नव्या गाण्यात बसवणे म्हणजे सॅम्पलिंग.

यासाठी यंत्र ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजते. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा. हे आकडे जलद वाजवले की लय वाढते आणि स्वरही चढतो. गोरेगावात आम्ही ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावली, तेव्हा कंपने १.३५ पट झाली आणि गायिकेचा आवाज लहान मुलीसारखा वाटला.

पण श्रेयाचे काय? २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने संगीतकार बप्पी लाहिरींचे नाव छापल्याशिवाय तो अल्बम विकण्यास मनाई केली. तुकडा छोटा असला, तरी त्यालाही जनक असतो.