मुखत्याराची वही

‘प्रॉक्सी’ हा शब्द महाविद्यालयात शिकलेल्या बहुतेकांच्या कानी प्रथम पडतो तो हजेरीच्या निमित्ताने. एक जण वर्गात बसतो आणि दोघांच्या नावाला ‘हजर’ म्हणतो. आंतरजालावरील प्रॉक्सी सर्व्हरही तत्त्वतः हेच करतो. आपल्याऐवजी तो पुढे होतो. कोर्टकचेरीच्या भाषेत त्याला मुखत्यार म्हणावे.

आंतरजालावरून काही मागवावयाचे म्हणजे आपला पत्ता द्यावाच लागतो. उत्तर कोठे धाडावयाचे हे समोरच्या यंत्राला कळले नाही, तर ते धाडणार कोठे? यालाच आयपी पत्ता म्हणतात, आणि तो कोणत्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद जोडणी देणाऱ्या कंपनीपाशी असते. मध्ये प्रॉक्सी असला की आपली मागणी त्याच्याकडे जाते, तो ती स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठवितो आणि आलेले उत्तर आपल्या हाती देतो. समोरच्याला दिसतो तो मुखत्याराचा पत्ता.

समोरच्यापासून नाव लपले खरे. पण मुखत्याराचे काय? त्याला तर दोन्ही बाजू ठाऊक असतात. सगळी मेख येथे आहे, आणि ती समजण्यास फिनलंडमधले एक प्रकरण फार उपयोगी पडते.

योहान हेलसिंगियस या गृहस्थांनी १९९३ साली तेथे एक निनावी टपालसेवा सुरू केली. ‘पेनेट’ या नावाने ती ओळखली जाई. काटेकोर अर्थाने तो प्रॉक्सी सर्व्हर नव्हे, पण जात एकच. आपण ईमेल तिकडे पाठवावी. यंत्र तीवरचे आपले नाव पुसून एक क्रमांक घाली आणि ती पुढे रवाना करी. उत्तर आले की त्या क्रमांकावरून खरा माणूस शोधून त्याला पोचते करी. अर्थात क्रमांक कोणाचा हे सांगणारी वही ठेवणे भागच होते. तीत लाखो लोकांचे पत्ते जमले. आपले दुःख स्वतःच्या नावाने ज्यांना सांगता येत नव्हते, असेही त्यांत होते. १९९५ साली सायंटॉलॉजी चर्चने तक्रार केली की, आपली चोरलेली कागदपत्रे या सेवेतून प्रसिद्ध झाली आहेत. पोलिसांनी वॉरंट आणले. सगळी वहीच जप्त होऊ नये म्हणून हेलसिंगियस यांनी घासाघीस करून एकच पत्ता उघड केला. पुढच्या वर्षी न्यायालयाचा पुन्हा तसाच हुकूम झाला, तेव्हा ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी सेवाच बंद केली. माणूस सचोटीचा होता. पण वही होती, म्हणून ती मागता आली.

आज फुकट प्रॉक्सींच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. तेथे तर मुखत्यार कोण हेच ठाऊक नसते. शिवाय स्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’चा नसेल, तर त्याला आपला मजकूरही वाचता येतो, असेल तर आपण कोणत्या स्थळी गेलो एवढेच कळते.

मग मुखत्यार घरचाच ठेवला तर? ते अवघड नाही. दूरच्या डेटा सेंटरमधील लिनक्सचे यंत्र महिन्याच्या भाड्याने मिळते. त्यावर ‘स्क्विड’ हा विनामूल्य प्रोग्रॅम बसवावा. तो ३१२८ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहत असतो; आपल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये यंत्राचा पत्ता आणि हा क्रमांक भरला की काम सुरू. मात्र यंत्राला पासवर्डचे कुलूप घालावेच. ते उघडे राहिले, तर परके लोक त्यातून वाटेल ते पाठवितील आणि जाब तुम्हांला द्यावा लागेल. दुसरे असे की, स्क्विड हा मुळात फार प्रामाणिक नोकर आहे. साध्या एचटीटीपी मागणीबरोबर ‘ही अमक्या पत्त्यावरून आली’ अशी चिठ्ठी तो आपण होऊन समोरच्याला देतो! ‘फॉरवर्डेड फॉर’ आणि ‘व्हाया’ या दोन नोंदी बंद केल्यावाचून सगळा खटाटोप व्यर्थ. आणि घरापासून त्या यंत्रापर्यंतचा रस्ता उघडाच असतो; तो झाकावयाचा तर एसएसएचचा बोगदा किंवा व्हीपीएन लागतो.

एवढे करूनही यंत्राचे भाडे भरले कोणी? तुम्हीच, पावती तुमच्या नावाची. आणि त्या पत्त्यावरून बोलणारे जगात एकटे तुम्ही. माणूस हरवतो तो वारीत, उघड्या माळावर नव्हे.

या दोन्ही अडचणींवरचा तोडगा अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाला, आणि त्यातून २००२ च्या सुमारास ‘टॉर’ चालू झाले. यात मागणीवर सांकेतिक लिपीची तीन आवरणे चढवून, कांद्याचे पापुद्रे काढावे तशी ती तीन यंत्रांत एकेक करून काढतात. तुम्ही कोण हे पहिल्याला कळते, पण कोठे निघालात हे नाही. शेवटच्याला याच्या उलट. दोन्ही गोष्टी लिहिलेली वही कोणापाशीच नसते. वेग मंदावतो, तो सोसावा. मात्र मजकूर मुळातच उघडा असेल, तर शेवटचे यंत्र तो वाचू शकते. २००७ साली डॅन एगरस्टाड या स्वीडिश तरुणाने अशी यंत्रे चालवून अनेक देशांच्या वकिलातींचे, त्यांत भारताच्याही, ईमेल पासवर्ड मिळविले होते. टॉरमधून जाऊन स्वतःच्याच नावाने खाते उघडणाऱ्याबद्दल तर काय बोलावे?

आपल्याकडे वहीचा प्रश्न सरकारनेच पुढे आणला. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या संस्थेने आदेश काढला की, व्हीपीएन चालविणाऱ्यांनी आणि यंत्रे भाड्याने देणाऱ्यांनीही ग्राहकांची नावे, पत्ते व त्यांना दिलेले आयपी पत्ते किमान पाच वर्षे जतन करावेत. गुन्ह्याच्या तपासाला नोंदी लागतात हे खरेच. पण निरपराध्याचे नावही त्याच वहीत असते. जून २०२२ मध्ये एक्सप्रेसव्हीपीएन या कंपनीने भारतातील आपली यंत्रे काढून घेतली, आणि भारतीय पत्ता हवा असलेल्या ग्राहकांना तो सिंगापूर व ब्रिटन येथील यंत्रांवरून देण्यास सुरुवात केली.