तलफ का येते?

गारखेडा हे पूर्वी औरंगाबादजवळचे खेडे होते. आज ते छत्रपती संभाजीनगर शहरात मिसळून गेले आहे. बैलगाड्या गेल्या, रिक्षा आल्या. पण तंबाखूची पुडी काही गेली नाही. तळहातावर तंबाखू-चुना मळल्याशिवाय कामाला हात लागत नाही, असे म्हणणारे लोक तेथेही आहेत, आपल्या गावातही आहेत.

"सोड बाबा" म्हटले तरी सुटत नाही. असे का? तो माणूस वाईट आहे काय? नाही. त्याच्या मेंदूला सवय जडली आहे. ती कशी जडते, ते पाहू.

आपल्या मेंदूत निरनिराळे रस तयार होतात. त्यांतल्या एकाचे नाव डोपामाइन. स्वीडन देशातील आर्विद कार्लसन या शास्त्रज्ञांनी १९५७ साली त्याचे काम ओळखले. हा रस फार उपयोगी आहे. भाकरीचा वास आला, की तो पाझरतो. पीक तरारले, पोर पास झाले, की तो पाझरतो. 'हे चांगले झाले, पुन्हा कर,' असे तो मेंदूला शिकवतो. कामाचा हुरूप त्याच्यामुळे येतो.

तंबाखूत निकोटीन नावाचे विष असते. विडी ओढली, की ते काही सेकंदांत मेंदूत पोचते. तंबाखू चघळली, तर जरा उशिरा पोचते. तेथे ते हाच रस पाझरायला लावते. काम न करता मजुरी मिळावी, तसे हे होते. मेंदू फसतो. मग विष मिळाले नाही, की माणूस चिडतो. झोप उडते. कामात लक्ष लागत नाही. हीच तलफ.

काही जण म्हणतात, "तंबाखूने डोक्याचा ताण जातो." नीट विचार करा. कर्ज फिटते काय? पाऊस पडतो काय? जातो तो फक्त तलफेचा ताण. आणि तो तर तंबाखूनेच आणलेला! चोराने घरातली सगळी भांडी न्यावी आणि एक वाटी परत द्यावी, तशी ही गोष्ट आहे.

मग सुटका आहे का? आहे. पहिले २-३ दिवस फार जड जातात. ३-४ आठवड्यांत तलफेचा जोर पुष्कळ ओसरतो. एकेक तलफ थोडी मिनिटेच टिकते. तेवढ्यात पाणी प्या, चार पावले चाला, कोणाशी तरी बोला. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. म्हणून 'एकच चिमूट' म्हणूनही पुन्हा हात लावू नका. १८००-११-२३५६ या सरकारी नंबरावर तंबाखू सोडण्याचा सल्ला फुकट मिळतो.

दारूचे मात्र वेगळे आहे. रोज पुष्कळ पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर हात कापतात, भ्रम होतो, झटके येतात. जीवही जाऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनी माणसाला आजारी समजून मायेने वागवतात.

आपल्या घरातही तसेच वागावे. शिव्यांनी ताप उतरत नाही, तसे व्यसनही सुटत नाही. त्याला उपचार हवा, आणि घरच्यांची साथ हवी.