गाडीचा नंबर आणि गाडीचा मालक

मुकुंदवाडी पूर्वी खेडे होते. आता ते छत्रपती संभाजीनगर शहरात मिसळून गेले आहे. जवळून जालना रोड जातो. पलीकडे चिकलठाण्याचे कारखाने आहेत. कामावर जायचे, दूध घालायचे, भाजी बाजारात न्यायची, तर मोटारसायकल लागते. घरोघर गाडी आली. पण गाडीचे कागद कोणी नीट वाचत नाही. ते पत्र्याच्या पेटीत पडून असतात.

एके दिवशी संध्याकाळी शेजारचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, नवी गाडी घेतली. जुनी इकायची हाय. पण जुन्या गाडीचा नंबर आपल्याला लई लाभला. ती पाटी काढून नव्या गाडीला ठोकली तर चालंल का?"

आम्ही म्हणालो, "बसा. आधी चहा घ्या. मग पाटीचे बघू."

नंबर म्हणजे काय, ते आधी पाहू. पाटीवर पहिली दोन अक्षरे एम. एच. असतात. त्यांचा अर्थ महाराष्ट्र. पुढे २० असतो. २० म्हणजे आपली संभाजीनगरची आर. टी. ओ. कचेरी. जालन्याला २१ आहे, परभणीला २२, बीडला २३. त्यापुढची अक्षरे आणि आकडे त्या एका गाडीचे. तसा नंबर दुसऱ्या कोणत्याही गाडीला मिळत नाही.

हा नंबर पाटीवर दिसतो. पण तो खरा असतो कचेरीच्या दप्तरात. तिथे नंबरासमोर इंजिनाचा आकडा लिहिलेला असतो. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला चासीचा आकडाही लिहिलेला असतो. आणि मालकाचे नाव असते.

आम्ही शेजाऱ्यांना विचारले, "तुमच्या शेताला गट नंबर आहे ना? बांधावरचा दगड उचलून दुसऱ्याच्या शेतात रोवला, तर ते शेत तुमचे होईल का?"

ते हसले. म्हणाले, "उलट पोलीस येतील."

गाडीचेही तसेच आहे. एका गाडीची पाटी दुसरीला लावणे हा गुन्हा आहे. पोलिसाने चासीचा आकडा ताडून पाहिला की लबाडी लगेच उघडी पडते. आता पाटीसुद्धा साधी राहिलेली नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सरकारी नमुन्याची पाटी येते. तिच्यावर चक्राची चकाकणारी खूण असते. ती खास कुलपी खिळ्याने बसवतात. काढायला गेले की खिळा तुटतो. जुन्या गाड्यांनाही अशी पाटी लावण्याचा हुकूम निघाला आहे.

मग आवडीचा नंबर मिळतच नाही का? मिळतो. पण तो कचेरीतून, फी भरून घ्यायचा. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने ही फी वाढवली. तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या १ या नंबरासाठी ६ लाख रुपये ठरले. असा घेतलेला नंबर नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांच्या नावे करण्याची मुभाही त्याच वेळी दिली. इंग्लंडात एका गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीला देता येतो. पण तिथेही सरकारकडे अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते. आपल्या हाताने पाटी हलवण्याची सोय आपल्याकडे नाही.

शेजाऱ्यांना हे पटले. म्हणाले, "जाऊ द्या. नंबर गेला तर गेला. जुनी गाडी उद्या देऊन टाकतो. स्टॅम्पावर लिहून घेतो. झालं."

आम्ही म्हणालो, "थांबा. खरा धोका इथेच आहे."

शेत विकले की गट नंबर तोच राहतो. पण सातबाऱ्यावर फेरफार होतो. जुने नाव जाते, नवे नाव लागते. गाडी विकली की तसेच करावे लागते. नंबर गाडीबरोबर जातो. पण दप्तरातले तुमचे नाव आपोआप जात नाही. ते अर्ज करून काढावे लागते. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्यात मालक कोण, हे सांगितले आहे. ज्याच्या नावावर गाडीची नोंद, तो मालक. स्टॅम्पावर काय लिहिले, त्याने ही नोंद बदलत नाही.

असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका माणसाने २००७ साली आपली मोटार विकली. ती पुढे आणखी काही जणांच्या हाती गेली. नाव कोणीच बदलले नाही. २००९ साली त्या मोटारीने अपघात झाला आणि एक जीव गेला. मोटार तेव्हा भलत्याच माणसाकडे होती. तरी २०१८ साली न्यायालयाने निकाल दिला की, नोंद ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. गाडी कधीच हातची गेली होती, पण नाव मागे राहिले होते.

शेजाऱ्यांचा चहा तसाच राहिला. म्हणाले, "म्हणजे गाडी दुसरा उडवील आणि माझं शेत जाईल?"

"नाव बदलले नाही, तर तशी पाळी येऊ शकते," आम्ही म्हणालो. सिग्नल मोडला तरी कॅमेरा नंबराचा फोटो काढतो आणि दंडाचे चलन जुन्या मालकाच्या नावाने निघते. गाडी चोरीच्या कामात सापडली, तर पोलीस आधी त्याच्याच दारात येतात.

मग करायचे काय? विकणाऱ्याने फॉर्म नंबर २९ भरायचा आणि गाडी विकल्याचे १४ दिवसांत कचेरीला कळवायचे. फॉर्म नंबर ३० वर दोघांनी सह्या करायच्या. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज द्यायचा. सोबत आर. सी. बुक, विमा आणि धुराच्या तपासणीचा दाखला लागतो. गाडीवर कर्ज असेल तर ते आधी फेडायचे. बँकेचे पत्र आणि फॉर्म नंबर ३५ देऊन कर्जाची नोंद काढून घ्यायची. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून मागायचा.

हे अर्ज आता संगणकावरही भरता येतात. दुसऱ्याकडून भरून घेतले तरी सही करण्याआधी कागद स्वतः वाचावा. कोऱ्या फॉर्मवर सही कधीच देऊ नये.

गाडीचा मालक वारला असेल, तर वारसाने ३० दिवसांत कचेरीला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म नंबर ३१ भरून गाडी आपल्या नावावर करावी.

शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी दिली नाही. आधी घेणाऱ्याला सोबत घेऊन कचेरीत गेले. काही दिवसांनी नव्या आर. सी. ची नक्कल घेऊन आमच्याकडे आले. बोट ठेवून त्यांनी नाव वाचले. ते त्यांचे नव्हते. त्याचाच त्यांना आनंद झाला होता.

तुमच्या घरानेही पूर्वी एखादी गाडी विकली असेल. आज पेटी उघडा, कागद वाचा. दप्तरात अजून कोणाचे नाव आहे, ते कचेरीत विचारून घ्या.