दुसरा डेटाबेस जोडताना

मंडळी, आज आपण राहुरीत बसलो आहोत, तर उदाहरणही इथलंच घेऊ या. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. इथले प्रबंध आज ‘कृषिकोश’ या देशपातळीवरच्या संग्रहात वाचायला मिळतात. तो डीस्पेस या मुक्त प्रणालीवर उभा आहे. एमआयटी आणि एचपी यांनी २००२ साली ती सगळ्यांसाठी खुली केली.

आता, अशा प्रणालीत प्रबंध असतो कुठे? दोन ठिकाणी. पीडीएफ फाइल डिस्कवर असते. शीर्षक, विद्यार्थी, मार्गदर्शक, वर्ष ही नोंद डेटाबेसमध्ये. डिस्कवर फाइलचं नाव म्हणजे नुसता लांबलचक आकडा. नोंद बिघडली, की प्रबंध जागेवर असूनही सापडत नाही. ग्रंथालयाची तालिका जळाली आणि पुस्तकं उरली, तसं.

समजा, आपला संग्रह पोस्टग्रेसवर चालतो आणि वरून सूचना आली, ‘आपल्याकडे ओरॅकल आहे, तेही जोडा.’ आपल्याला वाटतं, जोडणीचा पत्ता बदलला की झालं. तसं होत नाही. दोघंही एसक्यूएल बोलतात, पण बोली वेगळी. पहिले दहा प्रबंध मागायला पोस्टग्रेसमध्ये ‘लिमिट’ लिहितात. जुन्या ओरॅकलमध्ये तो शब्दच नव्हता. म्हणून मध्ये एक थर घालावा लागतो: प्रणालीने फक्त ‘दहा प्रबंध दे’ म्हणायचं, बोली त्या थराने सांभाळायची.

पण ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणाऱ्या चुका जास्त वाईट. रिकामा मजकूर आणि ‘माहितीच नाही’ यांत पोस्टग्रेस फरक करतो. ओरॅकल दोन्ही एकच धरतो. दुसरं, ओरॅकलच्या नेहमीच्या मजकूर-रकान्याची मर्यादा ४००० बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘राहुरी’ लिहायला काना, उकार, वेलांटी धरून ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. तेव्हा ४००० बाइटांत मराठीची जेमतेम १३३३ चिन्हं बसतात. इंग्रजी सारांश सुखरूप जातो, मराठी सारांश अडतो. चाचणी इंग्रजी नोंदींवरच केली, तर हे कळतच नाही! म्हणून चाचणीला आपल्याच मराठी नोंदी घ्यायच्या.

आणि जोडणं एकदाच, सांभाळणं कायमचं. एक ओळ बदलली तरी तपासणी दोनदा. डीस्पेसमध्ये पोस्टग्रेसबरोबर ओरॅकलही बरीच वर्षं चालायचं. २०२३ मध्ये ते काढून टाकलं. ज्यांचे संग्रह ओरॅकलवर होते, त्यांना पुढची आवृत्ती घ्यायची तर नोंदी हलवणं भाग पडलं.

तेव्हा नवा डेटाबेस जोडण्याआधी आपण एकच विचारू या: उद्या तो गेला, तर नोंदी बाहेर काढता येतील का? सगळ्या नोंदींची एक प्रत साध्या सीएसव्हीत, कोणती फाइल कोणत्या प्रबंधाची या यादीसकट, वेगळी ठेवू या. डेटाबेस बदलत राहतील. प्रबंध सापडला पाहिजे.

आता प्रश्न घेऊ.