गाठीच्या आतला दिवा

जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे वर्षातून एकदा या गावाचे नाव वृत्तपत्रांत झळकते. एरवी येथील संसार चार गावांसारखेच. घरातील एखाद्या बाईच्या छातीला गाठ लागली, की कुटुंबाची पावले नागपूरकडे वळतात. शस्त्रक्रिया होते, परंतु "सगळी गाठ निघाली ना?" या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळतेच असे नाही. काढलेल्या मांसाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात काही दिवस जातात. कडेला रोग आढळला, तर पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च!

कर्करोगाच्या पेशी सभोवतीचे प्रथिनांचे कुंपण तोडून पसरतात. त्यासाठी त्यांच्यापाशी जणू कात्र्याच असतात. त्यांना विकरे अथवा एन्झाइम म्हणतात. निरोगी पेशींतही ती असतात, पण अर्बुदात त्यांची गर्दी होते. या कात्र्यांचाच माग काढण्याची युक्ती बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील राल्फ वाइसलेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली उंदरांवर यशस्वी करून दाखविली. त्यांनी रंगद्रव्याचे कण एका लांब साखळीवर इतके दाटीने बसविले, की ते एकमेकांचा प्रकाश गिळून टाकीत. अर्बुदात शिरताच विकरे ती साखळी तोडीत. कण सुटे होत आणि बाहेरून प्रकाश टाकला की उजळत. हा उजेड बारा पटींनी वाढला, आणि मिलिमीटरहून लहान गाठीही, कातडीला चिरा न देता, दिसल्या. प्रकाश तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. तो कॅमेराच टिपतो. रात्री विजेरी तळहाताखाली धरून पाहा, बोटे तांबडी दिसतील. इतर रंग रक्त शोषून घेते. तांबडा पार होतो, त्यापलीकडचा तर अधिकच.

पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे! काही सेंटिमीटरांखाली हा प्रकाशही विरतो. म्हणून तूर्त त्याचा उपयोग शस्त्रक्रियेच्या मेजावरच होतो. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने याच तत्त्वावरील 'लुमिसाइट' या औषधास स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. ते दोन ते सहा तास आधी शिरेतून देतात. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत शल्यविशारद हातातील यंत्राने उजेड शोधतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३५७ स्त्रियांपैकी २७ जणींच्या छातीत मागे राहिलेला रोग याच उजेडामुळे त्याच वेळी काढता आला. क्वचित या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. शिवाय हा दिवा चुकतोही: कधी निरोगी जागी उजळतो, कधी रोग असून अंधारच राहतो. तेव्हा तो तुकडा अद्याप सूक्ष्मदर्शकाखाली जातोच, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातलगांना अहवालाची वाट पाहावीच लागते.